नवे नगर, जुने गाव आणि हरकतीचा कागद

मावळ तालुक्याचे पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ असे तीन भाग आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहोत. त्यांपैकी नाणे मावळात, कामशेतच्या परिसरात वडिवळे हे गाव आहे. इंद्रायणीस मिळणाऱ्या कुंडलिका नदीवरील धरणामुळे या गावाचे नाव तालुक्याबाहेरही पोहोचले. भातखाचरे, डोंगर, धरणाचे पाणी आणि हाकेच्या अंतरावर लोहमार्ग व महामार्ग, असा या भागाचा भूगोल. ज्या भूगोलावर आपले पोट चालते, तोच भूगोल शहराला हवाहवासा वाटतो. म्हणूनच 'आपल्या गावात नवे शहर येणार काय, आणि आले तर आपणास कोणी विचारणार काय?' हा प्रश्न वडिवळ्यासारख्या गावांत चावडीपासून बौद्धवाड्यापर्यंत सर्वत्र निघतो.

या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही. नवे नगर कोणत्या कायद्याने येते, त्यात लोकांना विचारण्याची सोय कोठे आहे व कोठे नाही, आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा माणसाचे म्हणणे कोठे नोंदले जाते, हे आपण समजून घेतले पाहिजे. या लेखाचा हेतू एवढाच आहे. नवे नगर चांगले की वाईट, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु ज्याचे म्हणणे कागदावर नाही त्याचे म्हणणे नाहीच, असे शासनदरबारी धरले जाते, ही गोष्ट मात्र आम्ही समाजबांधवांच्या व भगिनींच्या मनावर बिंबवू इच्छितो.

मावळाची जमीन आणि बाहेरची गरज

मावळाकडे बाहेरच्यांनी गरज म्हणून पाहिले, याला शंभर वर्षे उलटून गेली. लोणावळा, वळवण व शिरवता येथील टाटांच्या तलावांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले व मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही, पण 'आमची जमीन घेण्यापूर्वी आम्हांस विचारा' ही मागणी देशात फार लवकर ज्या ठिकाणी उभी राहिली, त्यांत मुळशीचे नाव घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर पवना धरण झाले. पिंपरी-चिंचवडला पाणी मिळाले, परंतु अनेक धरणग्रस्तांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. त्याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला, त्यांत एक महिला होती. योजना कागदावर पक्की होते तेव्हा गाव गप्प असते व यंत्रे दारात येतात तेव्हा गाव रस्त्यावर उतरते, या उशिराची किंमत माणसांना प्राणांनी चुकवावी लागली. बोलण्याची वेळ आधीची असते आणि ती फार थोडी असते, हे आपण येथून शिकले पाहिजे.

नवे नगर येते कोणत्या वाटेने?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा मूळ कायदा होय. गावच्या जमिनीवर शहर येण्याच्या मुख्यतः चार वाटा आहेत.

पहिली वाट संपादनाची. या कायद्याच्या कलम ११३ नुसार शासन एखादे क्षेत्र 'नवीन नगर' म्हणून अधिसूचित करते व त्यासाठी प्राधिकरण नेमते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई अशीच वसविली. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे १९७२ सालचे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण. ते २०२१ साली विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका यांच्याकडे गेले. तथापि सुरुवातीच्या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा वाद प्राधिकरणाच्या आयुष्याइतकाच लांबला.

दुसरी वाट विकास आराखड्याची. येथे जमीन लगेच घेतली जात नाही. नकाशावर रंग भरले जातात. हा पट्टा निवासी, हा शेतीचा, येथून रस्ता, येथे उद्यानाचे आरक्षण. रंग बदलला की जमिनीचा भाव बदलतो व जमिनीच्या मालकाचे नशीबही बदलते.

तिसरी वाट नगररचना योजनेची. यात अनेकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते व सुविधा काढल्या जातात, आणि प्रत्येक मालकास कमी क्षेत्राचा परंतु रस्त्यालगतचा 'अंतिम भूखंड' परत मिळतो. हिंजवडीजवळच्या माण-म्हाळुंगे येथे पीएमआरडीएने हीच पद्धत स्वीकारली व मालकांना निम्मी जमीन विकसित स्वरूपात परत देण्याचे सूत्र ठेवले.

चौथी वाट खासगी खरेदीची. विकसक शेतकऱ्यांकडून जमिनी विकत घेतो व एकात्मिक नगर वसाहतीची परवानगी मागतो. त्यासाठी किमान ४० हेक्टर, म्हणजे सुमारे १०० एकर, सलग क्षेत्र लागते.

विचारणा कोठे आहे, कोठे नाही?

विकास आराखड्याच्या वाटेवर विचारणा कायद्याने बंधनकारक आहे. कलम २६ नुसार प्रारूप आराखडा राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून ३० दिवसांत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कलम २८ नुसार नियोजन समिती हरकतदारांना सुनावणी देते. मग आराखडा दुरुस्त होऊन शासनाकडे जातो व कलम ३१ नुसार मंजूर होतो. मंजुरीनंतरही कलम ३७ नुसार फेरबदल करता येतात, आणि त्यासाठीही नोटीस काढावी लागते. ही फेरबदलाची नोटीस वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते व बहुधा कोणीच वाचीत नाही.

संपादनाच्या वाटेवर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात ग्रामसभेशी विचारविनिमय, सामाजिक परिणामांची पाहणी, आणि खासगी कंपनीसाठी संपादन असल्यास ८० टक्के तर खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती, अशा तरतुदी आहेत. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या पाहणीतून सूट देता येईल अशी सोय केली, हेही ध्यानात ठेवावे.

आता चौथी वाट पाहा. जमीन राजीखुशीने विकत घेतली, म्हणून संपादन कायद्यातील संमती नाही. पर्यावरणाच्या जनसुनावणीत तरी बोलता येईल असे आपणास वाटते. परंतु केंद्र शासनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत बांधकाम प्रकल्प व नगर वसाहती यांना जनसुनावणीतून वगळले आहे. खाण किंवा मोठा रासायनिक कारखाना येणार असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या देखरेखीखाली लोकांसमोर सुनावणी होते. हजारो घरांचे शहर येणार असेल, तर ती होत नाही. ज्या वाटेने आज ग्रामीण भागात शहरे येत आहेत, नेमक्या त्याच वाटेवर विचारण्याची सोय सर्वांत कमी आहे.

साठ हजार हरकती

पीएमआरडीएची स्थापना २०१५ साली झाली. सुमारे ६,९०० चौरस किलोमीटर क्षेत्र व आठशेहून अधिक गावे तिच्या कक्षेत येतात, व त्यांत मावळ तालुका आहे. तिचा प्रारूप विकास आराखडा २०२१ च्या ऑगस्ट महिन्याच्या प्रारंभी हरकतींसाठी खुला झाला. त्या वेळी करोनाचे सावट होते आणि मावळात भाताची कामे चालू होती. तरीही साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. कोणाच्या विहिरीवरून रस्ता गेला होता, कोणाच्या बागायतीवर आरक्षण पडले होते, तर कोणाची जमीन शेजाऱ्याच्या जमिनीप्रमाणे निवासी का झाली नाही, अशी तक्रार होती. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले, आणि अखेर २०२५ साली शासनाने हा प्रारूप आराखडा रद्द करण्याचा निर्णय घेतला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. हरकतीचा कागद निरर्थक नसतो, ही पहिली. दुसरी अशी की, आराखडा रद्द झाला म्हणजे शहर थांबले असे नव्हे. आराखडा नसला तरी खरेदीखते होतच राहतात व डोंगर फोडले जातच राहतात. तेव्हा पुढील आराखडा निघेल तेव्हा आपली कागदपत्रे तयार असणे, हेच खरे काम आहे.

तीन उदाहरणे, तीन धडे

नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. योग्य भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातील जासई व पागोटे येथील गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. हा मोठा विजय होता. परंतु त्याचे माप 'किती जमीन गेली' हे होते. मिठागरात राबणारे, बलुतेदारीवर जगणारे यांचा प्रश्न त्यामागून, वेगळ्या रांगेत उभा राहिला.

लवासाचे उदाहरण मुळशी तालुक्यातील. शासनाने २००१ साली तेथील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून घोषित केले. २००८ साली तर शहर बांधणाऱ्या कंपनीलाच त्या क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आले. म्हणजे परवानगी मागणारा व देणारा एकच झाला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीवाचून काम केल्याबद्दल नोटीस बजावली, २०१७ साली प्राधिकरणाचा दर्जा काढून घेण्यात आला व २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हरकत ऐकणारा तिऱ्हाईत असला पाहिजे, हा लवासाचा धडा.

तिसरे उदाहरण हडपसरजवळच्या मगरपट्टा सिटीचे. तेथे सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा वाटा. जमीन न विकता शेतकरी शहराचा भागीदार होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले व त्याचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र येथेही वाट्याचा आधार सातबारा हाच. ज्याच्याकडे टाकायला जमीन नाही, त्याला या हिशेबात जागा कोणती?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडने १९४६ साली नवीन नगरांचा कायदा केला आणि लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज येथे पहिले नवे नगर ठरले. मंत्री लुईस सिल्किन तेथे सभेला गेले, तेव्हा लोकांनी हुर्यो उडविली, त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा सोडली आणि रेल्वे स्थानकावर 'सिल्किनग्राड' अशी पाटी लावली. सुनावणीपूर्वीच मंत्र्याने मनाशी निर्णय केला होता, असा आक्षेप घेऊन रहिवासी न्यायालयात गेले. १९४७ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की, हरकतींचा विचार करणे मंत्र्याचे कर्तव्य आहे, परंतु त्याने न्यायाधीशासारखे तटस्थ असावे असे कायदा म्हणत नाही. नगर झाले. सुनावणी म्हणजे खटला नव्हे. तेथे आवेशापेक्षा नेमक्या कागदाला वजन असते.

ज्यांच्याकडे सातबारा नाही

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. गावातील बौद्धवाडा, कातकरी वस्ती, ठाकरवाडी येथील बहुसंख्य कुटुंबे भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत. लावणी-कापणीची मजुरी, खंडाने केलेली खाचरे, धरणातील मासेमारी, डोंगरातील लाकूडफाटा, गायरानातली चार जनावरे, यांवर त्यांचा संसार चालतो. जमीन विकली गेली की मालकास पैसे मिळतात. मजुराची मजुरी मात्र कोणत्याही खरेदीखतात लिहिलेली नसते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या व्याख्येत, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणाऱ्या व उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीन शेतमजूर, कुळे व कारागीर कुटुंबांचा समावेश केला आहे. संमतीची टक्केवारी मोजताना ही कुटुंबे धरली जात नाहीत, परंतु पुनर्वसनाच्या हक्कात ती येतात. म्हणून सामाजिक परिणामांची पाहणी होईल त्या वेळी यादीत नाव असणे, ही त्यांच्यासाठी जमिनीच्या उताऱ्याइतकीच मोलाची गोष्ट आहे.

दुसरा विषय वतनी जमिनींचा. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले, कारण वतनाच्या नावाखाली आपला समाज गावचा वेठबिगार झाला होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. त्या 'भोगवटादार वर्ग २' म्हणजे नियंत्रित सत्ताप्रकाराच्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्यावाचून व शासनाची रक्कम भरल्यावाचून त्यांचे हस्तांतर होत नाही. ही अट अनेकांना जाच वाटते. परंतु तीच अट पडत्या भावाच्या विक्रीपासून संरक्षणही देते. नव्या नगराची कुजबुज सुरू झाली की दलाल प्रथम अशाच जमिनींकडे वळतात. 'नुसती विसारपावती करा, कुलमुखत्यारपत्र द्या, परवानगीचे आम्ही पाहतो,' असे सांगितले जाते. हिस्सेदार पाचपन्नास, त्यांतले काही मुंबईला, काही बहिणी सासरी. एकेकाला गाठून सह्या घेतल्या जातात. २०२५ साली पुण्याच्या मुंढवा येथील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा या जमिनींची आजची किंमत काय आहे ते सर्वांना कळले. तेव्हा सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसल्याशिवाय आणि जाणत्या वकिलास कागद दाखविल्याशिवाय कोणत्याही मुखत्यारपत्रावर सही वा अंगठा देऊ नये.

तिसरा विषय सामाईक जागांचा. विहार, समाजमंदिर, स्मशानभूमी, तेथे जाणारी पायवाट, पाणवठा, गायरान. या जागा आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, परंतु पुष्कळदा त्यांची नोंद कोठेच नसते. नकाशा काढणाऱ्यास मोकळी जागा दिसते व तो तिच्यावरून रस्ता नेतो.

हरकत कशी घ्यावी?

पहिली तयारी नोटीस निघण्यापूर्वीची. गाव नकाशा, गट नकाशा, सातबारा, आठ-अ व फेरफार यांच्या नकला काढून ठेवाव्यात. सातबाऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना अवश्य वाचावा. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे की नाही, ते पाहावे. भूमिहीन कुटुंबांनी शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद व रोजगार हमीचे जॉबकार्ड सांभाळावे. त्यांचा रहिवास व श्रम यांचा पुरावा तोच आहे. स्मशानभूमी व वाटा यांची नोंद व्हावी म्हणून ग्रामपंचायतीकडे व तलाठ्याकडे आताच लेखी अर्ज करावेत.

दुसरी तयारी ग्रामसभेची. मावळ तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव येथे शासनावर बंधनकारक ठरत नाही. तरीही तो सुनावणीत वजनदार पुरावा असतो. ग्रामसभेला वस्तीतील स्त्री-पुरुषांनी हजर राहावे, आपला मुद्दा ठरावात शब्दशः लिहून घ्यावा आणि ठरावाची प्रत मागावी. आदिवासी बांधवांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील आपले वैयक्तिक व सामूहिक दावे प्रलंबित ठेवू नयेत.

तिसरे काम प्रत्यक्ष हरकतीचे. नकाशा प्रसिद्ध होताच आपला गट क्रमांक त्यावर शोधावा. रंगांचा अर्थ सूचीत दिलेला असतो. हरकत साध्या मराठीत, थोडक्यात असावी. गट क्रमांक, नेमका आक्षेप, त्याचे कारण, आणि काय बदल हवा, या चार गोष्टी तीत याव्यात. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढेच लिहू नये. 'गट क्रमांक अमुक येथे आमच्या वस्तीची स्मशानभूमी आहे, प्रस्तावित रस्ता तिच्या मधून दाखविला आहे, तो पूर्वेच्या बांधाकडे सरकवावा,' असे लिहावे. शंभर जणांनी एकच छापील मजकूर देण्यापेक्षा प्रत्येकाने आपापली हकीकत दिलेली बरी. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, आणि पोच घेतल्यावाचून कार्यालयातून निघू नये.

चौथे, सुनावणीच्या तारखेस हजर राहावे. बोलण्यास मिनिटे थोडी मिळतात, म्हणून लेखी निवेदनही द्यावे. आपल्या हरकतीवर समितीने कोणता अभिप्राय लिहिला, ते माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून विचारता येते. त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळाले पाहिजे.

भिंतीवरचा आदेश

कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनकाळचा एक शिलालेख आहे. मामाल, म्हणजे आपल्या मावळ, येथील अमात्यास तो उद्देशून असून करजिक नावाचे गाव वलूरक लेण्यांतील भिक्षुसंघास दिल्याचा आदेश त्यात कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गावाच्या जमिनीविषयीचा निर्णय येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल असा भिंतीवर कोरला गेला. गाव कसणाऱ्यांना तेव्हा कोणी विचारले होते काय, हे तो लेख सांगत नाही. आजच्या कायद्याने विचारण्याची सोय केली आहे, परंतु आदेश मात्र आता भिंतीवर नसतो. तो राजपत्रात व वृत्तपत्राच्या आतल्या पानात असतो.

ही उणीव गावोगावच्या मंडळांना भरून काढता येईल. प्रत्येक विहारात एक फलक असावा व शासनाची कोणतीही नोटीस निघाली की तिचा सोपा मजकूर त्यावर लागावा. वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी सातबारा व नकाशा वाचण्यास शिकावे आणि वडीलधाऱ्यांच्या हरकती लिहून द्याव्यात. विहाराच्या कपाटात वस्तीच्या कागदपत्रांची एक फाईल राहावी. यास मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो. पुढील आराखड्याची नोटीस निघेल त्या दिवसापासून आपल्या हाती मोजके दिवस असतील. त्या दिवसांत कागद शोधीत बसण्याची वेळ आपल्या एकाही कुटुंबावर येऊ नये, यासाठी आजच कामास लागू या.